आडवा म्हणजे चालू

आमच्या खात्यात मी दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे. एक, मी मशीनचं दुखणं कानाने ओळखतो. दोन, माझ्या हातचा चहा घेताना माणूस आधी कपात बघतो.

दुसरी प्रसिद्धी जास्त आहे आणि ती मी घाम गाळून कमावलीय. एका नव्या साहेबांना मी पहिल्याच दिवशी गंभीर तोंड करून सांगितलं, "साहेब, आमच्या मशीनच्या पाठीवर चालू करण्याआधी तीन थापा माराव्या लागतात. नाहीतर रुसते." ते बिचारे बदली होईपर्यंत दर चाचणीला येऊन थापा मारत होते. त्यांच्या जागी आले ते साहेबही मारतात. त्यांना वाटतं हा नियमच आहे, कुठल्यातरी परिपत्रकात असेल.

मशीनचं नाव आत्याबाई. कंपनीने पितळी पट्टीवर कोरून दिलेलं नाव वेगळं आहे, पण ते वाचून कुणाचं भलं झालंय? आत्याबाई म्हटलं की सगळं आलं. वर्षातून चार वेळा उठणार, उठली की घरभर धूर करणार, सगळ्यांना कामाला लावणार, आणि खरी अडचण आली की धावूनही तीच येणार. बाहेरून शहरात येणारी वीज गेली की नगरपालिकेचं आमचं हे छोटं पॉवरहाउस चालू करायचं. ऑइल जाळून मोठा दवाखाना आणि पाण्याचे पंप तेवढे सांभाळायचे. पाण्याच्या टाक्यांमागे एक पत्र्याची शेड, आत दोन मशीनं. त्यातली थोरली कधीच गेली. तिचे अवयव काढून काढून आम्ही आत्याबाईला जगवली.

आम्ही म्हणजे मी आणि सायलेन्सर.

सायलेन्सर हा माझा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. दिवसाला मोजून दहा शब्द बोलणार, त्यातले चार "हो दाजी" मध्ये जाणार. नाव अर्थात मीच ठेवलं. नोकरीलाही मीच चिकटवला. लग्नात बायकोने मला एवढंच मागितलं होतं, "माझ्या भावाला कुठेतरी लावा." मी त्याला माझ्याच शेजारी लावला. एकोणीस वर्षं झाली.

आणि त्या पहिल्याच आठवड्यात मी त्याची ती गंमत केली.

आमच्या धंद्यात पहिला धडा असतो तो व्हॉल्व्हच्या दांड्याचा. दांडा पाइपाच्या रेषेत सरळ असेल तर चालू, आडवा असेल तर बंद. जगात कुठेही जा, हेच. शेडमध्ये वर लोखंडी माळ्यावर ऑइलची टाकी आहे, तिच्या खाली असाच एक व्हॉल्व्ह. मी काय केलं, दांड्याचा नट सोडवला, दांडा काढला आणि काटकोनात फिरवून परत बसवला. म्हणजे आता सरळ दिसला की बंद आणि आडवा दिसला की चालू. मग खाली येऊन मेहुण्याला म्हटलं, "पाहुणे, आज तुम्ही चालू करा."

त्याने वर बघितलं, दांडा सरळ. सगळं बरोबर. सुरू करायला गेला. आत्याबाईला उठवायला दाबलेली हवा लागते, टाकीतून सोडली की मशीन फिरतं आणि फिरता फिरता पेट घेतं. त्याने हवा सोडली, मशीन फिरलं, खोकलं, बसलं. परत सोडली, परत बसलं. टाकीतली सगळी हवा संपवली पठ्ठ्याने. मी म्हटलं, "आता हातपंपाने भर." दीड तास तो हातपंप मारत होता. हाताला फोड आले. मग मी त्याला माळ्यावर नेला आणि दांडा आडवा करून दाखवला. मी तर हसून हसून तिथेच खाली बसलो. तोही हसला. हात चोळत चोळत हसला.

तो दांडा आम्ही कधी नीट केलाच नाही. आधी राहून गेलं, मग मजा वाटायला लागली. दोघांचंच गुपित. माळ्याला जाळीचं दार आहे, किल्ल्या दोन, एक माझ्याकडे, एक त्याच्याकडे. तिसरं कुणी वर जायचं कारणच नाही. व्हॉल्व्ह कायम उघडा, म्हणजे दांडा कायम आडवा. त्यावरून आमचा एक शब्दच पडून गेला. रजेवर असलो की मी फोन करायचा, "आडवा ना?" तो म्हणायचा, "आडवा." म्हणजे सगळं ठीक. पुढे हा शब्द घरात आला. सासूबाईंचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यातून त्याचा फोन, "दाजी, आडवा," आणि आम्ही सुटलो. बायकोही विचारायला लागली. शिवणयंत्रावरून मान वर न करता, "काय, आडवा ना?" तिला त्यातलं व्हॉल्व्हचं काही माहीत नाही. तिची समजूत अशी की नवरा कामावर दुपारी आडवा होतो की नाही, त्याची ही चौकशी असावी.

तर अशी आमची एकोणीस वर्षं. आणि मग आले डबे.

डबे म्हणजे कंटेनर. आत नवीन मशीन, बाहेर एक बटण. दाबलं की चालू. थापा नकोत, हवा नको, आणि माणूस एकच पुरे. वरून ठरलं की जुनं पॉवरहाउस बंद करून भाड्याचे डबे आणायचे. आमचे साहेब भले माणूस, ते भांडले. शेवटी तोडगा निघाला. बाहेरून तपासणी होईल. वीज तोडल्यापासून दहा मिनिटांच्या आत आत्याबाईने दवाखाना आणि पंप दोन्हींचा भार उचलला तर आणखी पाच वर्षं आम्हीच. नाही उचलला तर डबे.

माझ्या निवृत्तीला पाच वर्षं आणि दोन महिने उरले होते. ते दोन महिने मी रजा टाकणार होतो. असं जमून आलं होतं बघा. आणि आत्याबाईला दहा मिनिटं लागतात कशाला? तिने आजवर कधी चारच्या वर घेतली नव्हती.

त्या दिवशी सकाळी आठ वाजता मी स्वतः माळ्यावर चढलो. दांडा आडवा. टाकी भरलेली. खाली हवेच्या दोन टाक्या, दोन्ही भरलेल्या. चाचणी मी मागच्याच आठवड्यात घेऊन ठेवली होती, तीन मिनिटं वीस सेकंद. सायलेन्सरला म्हटलं, "आज तुझ्या बहिणीला सांगून ये, संध्याकाळी गोड काहीतरी कर म्हणावं."

"हो दाजी."

"अरे, तोंड असं का? तपासणी आत्याबाईची आहे, तुझी नाही."

तो हवेच्या टाक्यांचे काटे पुसायला लागला. यात नवल काहीच नव्हतं.

साडेदहाला फाटकावर गाडीचा हॉर्न वाजला. मी शर्टाची बटणं लावत निघालो तर मागून आवाज, "दाजी, मी वर एकदा बघून येतो."

मला इतकं बरं वाटलं! मी मागे फिरलो आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास. बघून ये. आता शिकलास."

तपासणीला आलेल्या बाई चाळिशीच्या, बुटाला माती लागली तरी खाली न बघणाऱ्या. मला आवडल्या. त्यांनी शेडभर फिरून एकेका गोष्टीवर नजर टाकली. मला विचारलं, "मशीनचं वय?"

"बाईमाणसाचं वय विचारू नये म्हणतात," मी म्हटलं.

हसल्या. म्हटलं, झालं, अर्धी लढाई जिंकलो. अकरा वाजता त्यांनी घड्याळ हातात घेतलं आणि वीज तोडायला सांगितली. शेडमधले दिवे गेले, पंख्याचा आवाज हळूहळू मेला. आमच्या साहेबांनी पुढे होऊन आत्याबाईच्या पाठीवर तीन थापा मारल्या. बाईंनी भुवई वर केली.

"नियम आहे," साहेब म्हणाले.

मी हवा सोडली. आत्याबाई फिरली, खोकली आणि उठली. काय उठली म्हणून सांगू! काळ्या धुराचा एक गोळा धुराड्यातून बाहेर पडला, मग पांढरा धूर, मग नुसता झोत. दीड मिनिट झालं होतं. साहेबांनी तर टाळ्याच वाजवल्या. मी सायलेन्सरकडे बोट केलं, म्हणजे भार दे. त्याने दवाखान्याचा खटका वर केला.

आणि आवाज बदलला.

मी सांगितलं ना, मी कानाने ओळखतो. भरल्या पोटाचं मशीन वेगळं बोलतं आणि उपाशी मशीन वेगळं. आत्याबाईने दोन आवंढे गिळले आणि बसली.

"काय झालं?" साहेब.

"काही नाही, काही नाही. झोपेतून उठलीय." मी परत हवा सोडली. फिरली, खोकली, बसली. पाइपात होतं तेवढं ऑइल जळून गेलं होतं, नवीन येत नव्हतं. ऑइल येत नाही म्हणजे दोनच कारणं, वरचा व्हॉल्व्ह नाहीतर फिल्टर. माळ्याची शिडी सायलेन्सरच्या शेजारी होती. मी मशीनच्या या बाजूला, फिल्टरपाशी बसलेला. मी ओरडलो,

"आडवा ना?"

"आडवा," तो म्हणाला.

लगेच म्हणाला. मान वर करून बघितलंही नाही, पण मला ते तेव्हा खटकलं नाही. आत्ताच तर बघून आला होता. आणि एकोणीस वर्षांत त्या शब्दाने मला कधी दगा दिला नव्हता. सासूबाईंच्या जिवाची बातमी मी त्या एका शब्दावर घेतली होती.

मग मी फिल्टरवर तुटून पडलो. चार बोल्ट, झाकण, आतली जाळी काढली. जाळी लख्ख. तरी धुतली. परत बसवली. बाई घड्याळ तेवढं दिसेल असं धरून उभ्या होत्या. साहेबांनी स्वतःहून आणखी तीन थापा मारल्या. बिचारे. मी हवा सोडली, पहिली टाकी रिकामी झाली. आत्याबाई फिरली आणि साधी खोकलीसुद्धा नाही.

"साडेसात मिनिटं," बाई म्हणाल्या.

तेव्हा मी उठून मशीनला वळसा घातला आणि वर बघितलं.

दांडा सरळ होता.

अगदी पाइपाच्या रेषेत. सुंदर. पुस्तकात दाखवतात तसा.

माणसाचं मन किती भिकारी असतं बघा. मला आधी काय वाटलं असेल? वाटलं, या बाईंनीच केला असणार. वर गेल्या असतील, आडवा दिसला, बंद समजून चांगल्या मनाने सरळ केला असेल. मी विचारलंसुद्धा, "मॅडम, आपण माळ्यावर गेला होता का?"

"जाळीला कुलूप आहे," त्या म्हणाल्या. "का? वरचा व्हॉल्व्ह तर चालूच दिसतोय. सरळ आहे."

मी सायलेन्सरकडे बघितलं. तो खटक्यांच्या बोर्डाकडे तोंड करून उभा होता. वीज नव्हती, बोर्डावरचे सगळे काटे शून्यावर होते आणि तो ते वाचत होता.

मग मी पळालो. शिडी, कुलूप, माळा. दांडा धरून आडवा केला. खालून साहेबांची किंकाळी आली, "अहो बंद काय करताय!" उत्तर द्यायला वेळ नव्हता. खाली आलो. आता पाइपात हवा शिरलेली, ती काढल्याशिवाय ऑइल पुढे सरकणार नाही. पाना घेऊन एकेक जोड सैल करायचा, फेस येईपर्यंत थांबायचं, फेस जाऊन नुसतं ऑइल आलं की आवळायचा. हे काम दोघांचं आहे. एकाने सैल करायचं, एकाने ऑइलचा छोटा पंप हाताने हलवायचा. सायलेन्सर आला. पंप हलवायला बसला. काय व्यवस्थित हलवत होता! मी कधीकाळी शिकवलं होतं, तस्सं. आमच्या दोघांची डोकी एकमेकांना लागत होती आणि तो माझ्या हाताकडे बघत होता, तोंडाकडे नाही.

दुसऱ्या टाकीची हवा सोडली. आत्याबाई उठली. दवाखाना घेतला, पंप घेतले, हूं की चूं केलं नाही. तिने तोंड काळं केलं नाही हो. उशीर तेवढा केला.

"तेरा मिनिटं," बाई म्हणाल्या आणि घड्याळ खिशात टाकलं.

मग त्या स्वतः शिडी चढल्या. मी खाली उभा. वर त्यांनी दांडा बघितला, नट बघितला, नटावरचा रंग बघितला. उतरल्या त्या रुमालाने हात पुसत.

"दांडा उलटा बसवलाय. कुणी?"

शेडमध्ये आत्याबाई धडधडत होती.

"मी," मी म्हटलं. "एकोणीस वर्षांपूर्वी."

"कशासाठी?"

आता याचं काय उत्तर देणार? "गंमत म्हणून," मी म्हटलं.

साहेबांनी मान खाली घातली. त्यांचा हात मशीनवर होता, तो त्यांनी हळूच काढून घेतला. मला वाटतं, थापांचं त्यांना त्याच क्षणी कळलं.

मला अजून एक आशा होती. म्हटलं, बाई पुढचा प्रश्न विचारतील, आज हा सरळ कुणी केला? मग मी काही बोलणार नाही, फक्त सायलेन्सरकडे बघेन. बाईंनी तो प्रश्न काढला, पण उत्तरही त्यांनीच दिलं. "आज कुणीतरी आडवा बघून, बंद आहे समजून, सरळ केला असेल. त्याचा काय दोष? कुणीही करेल. दोष उलटा बसवणाऱ्याचा."

आणि त्यांचं बरोबर होतं. शब्दन् शब्द बरोबर. तेव्हा मला कळलं की सायलेन्सरने हे सगळं आधीच चालवून बघितलं होतं, डोक्यात. त्याला आत्याबाईचं काही तोडायचं नव्हतं, काही लपवायचं नव्हतं. त्याने फक्त एक दांडा बरोबर केला होता. जगाच्या नियमाने बरोबर. मी ओरडून सांगितलं असतं की याला माहीत होतं, तर लोक म्हणाले असते, हा गंमत्या आता गरीब मेहुण्यावर ढकलतोय.

दुपारी नळावर आम्ही दोघं हात धूत होतो. साबण त्याच्याकडे होता. मी म्हटलं, "का रे?"

त्याने बोटांच्या बेचक्यातलं काळं काढलं, नीट, एकेक बोट. "डब्यांवर एकच जागा आहे, दाजी."

"मग सांगायचंस! मी तुलाच दिली असती. मी मीटर वाचत फिरलो असतो शहरभर. माझं काय राहिलंय आता?"

"दिली असती," तो म्हणाला. "तुम्ही दिली असतीत, माहितीय. ही नोकरीपण तुम्हीच दिलीत." मग साबण त्याने माझ्याकडे न देता नळावर ठेवला. "जन्मभर दिलेलीच राहिली असती."

एकोणीस वर्षांतलं त्याचं सगळ्यात लांब बोलणं. साबण मी नळावरून उचलून घेतला.

मला साहेबांच्या खोलीत बसून जबाब लिहून द्यायचा होता. चार ओळींचा जबाब, पण त्याला चार वाजले. "गंमत" हा शब्द लिहिला की साहेब म्हणायचे, हे नको, दुसरं काहीतरी लिहा. दुसरं काही नव्हतंच. शेवटी त्यांनीच लिहायला सांगितलं, "अनवधानाने." मी सही केली. पुढच्या महिन्यापासून मला पाण्याचे मीटर वाचायचेत.

घरी जाताना मी ठरवलं की बायकोला सगळं सांगायचं. काही हातचं राखायचं नाही. तुझ्या भावाने मला काय केलं ते ऐक. मी त्याला माझ्या ताटात जेवू घातला आणि त्याने काय केलं ते ऐक. जिना चढताना मी वाक्यंसुद्धा जुळवली.

दार उघडंच होतं. शिवणयंत्र बंद होतं आणि ती दारातच उभी, डोळे चमकत होते. मागे खिडकीपाशी खुर्चीत सायलेन्सर बसलेला. हातात चहाचा कप.

"या!" ती म्हणाली. "झाली का गंमत?"

"कसली गंमत?"

"आता काय लपवता? याने मला गेल्या सोमवारीच सांगितलं. म्हणाला, ताई, तपासणीच्या दिवशी दाजींची एक गंमत करणार आहे, तू फक्त तोंड उघडू नकोस. म्हटलं, अगं बाई! एकोणीस वर्षांनी याला गंमत सुचली! करू दे. आठ दिवस मी कसं पोटात ठेवलंय माझं मला माहीत. तुम्ही घास घेत होता आणि मी हसू दाबत होते."

खरंच होतं ते. मी आठ दिवस बघत होतो, जेवताना ही मधेच पदर तोंडाला लावायची. मला वाटायचं, माझ्याच कुठल्या विनोदाला हसतेय.

"काय गंमत ते सांगितलं का याने?"

"नाही ना! म्हणतो, दाजींच्याच तोंडून ऐक. सांगा की. आणि असे उभे काय? चिडलात? दुसऱ्याची करता तेव्हा खिदळता, आणि आपली झाली की असं तोंड होय?"

मी सायलेन्सरकडे बघितलं. तो कपात बघत होता.

तिच्याकडे बघितलं. इतकी खूश ती मला किती वर्षांनी दिसत होती. भावाला शेवटी हसता आलं म्हणून खूश. जुळवलेलं पहिलं वाक्य तोंडात आलं, अगदी दातांपर्यंत.

मग मी मांडीवर थाप मारली आणि हसलो. "अशी केली, अशी केली म्हणून सांगू! सगळ्या साहेबलोकांसमोर केली गं! मी पार गारद!" हसताना माझे हात एकमेकांवर चोळले जात होते, आणि ते मला माझे वाटत नव्हते. हातपंपाचे फोड आलेला एक पंचविशीतला पोरगा असाच हसला होता, माळ्यावर, माझ्यासमोर. तेव्हा मी खाली बसून लोळत होतो, मला कुठलं दिसायला.

"बघ!" ती भावाला म्हणाली. "मी म्हटलं नव्हतं, हे मनावर घ्यायचे नाहीत?"

सायलेन्सर उठला. "येतो ताई."

"अरे थांब की, गोड केलंय. यांनीच सांगितलं होतं ना सकाळी?"

"नको."

चप्पल घालताना त्याला पट्टा सापडेना. खाली वाकून तो बराच वेळ शोधत राहिला. ती दारातून ओरडली, "पोचलास की फोन कर! आडवा का ते सांग!"

तो जिना उतरून गेला. ती म्हणाली, "हा काय बोलायचा नाही बाबा," आणि शिवणयंत्राकडे वळली.

मी त्याचा कप उचलला. चहा भरलेला होता, वर साय धरलेली. एक घोटही कमी नव्हता.